अकरावीचा अर्ज आणि घरचा कौल

महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांच्या पदवीचा विषय पदवीच्या दारात ठरत नाही. तो दहावीच्या निकालानंतरच्या काही आठवड्यांत, अकरावीचा प्रवेश अर्ज भरताना ठरून जातो. त्या वेळी अर्जदाराचे वय पंधरा-सोळा असते. कला, वाणिज्य आणि विज्ञान यांतली एक शाखा निवडायची. विज्ञान घेतले तर गणिताचा ए ग्रुप, जीवशास्त्राचा बी ग्रुप की दोन्ही मिळून एबी, हे सांगायचे. मग महाविद्यालयांचा पसंतीक्रम लावायचा. 2025-26 पासून हा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला. अर्ज मुलाच्या नावाचा असतो, पण मोबाइल क्रमांक बहुधा वडिलांचा असतो, ओटीपी त्यांच्याकडे येतो आणि पसंतीक्रम कुलूपबंद करण्याचे बटण घरातली मोठी माणसे शेजारी बसलेली असताना दाबले जाते. निवड कोणाची, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

घरचा दाब म्हटले की डोळ्यासमोर टेबलावर हात आपटणारे वडील येतात. असे वडील आहेत, पण तो प्रकार कमी. नेहमीचा दाब मऊ आवाजात येतो. ‘तुला हवं ते घे, पण सायन्स घेतलंस तर नंतर कुठेही जाता येतं.’ ‘आम्हाला कोणी सांगणारं नव्हतं रे, तुला सांगतोय तर ऐक.’ ‘एवढे मार्क पडले आणि आर्ट्स?’ या शेवटच्या वाक्यात तर गुणच दाब होऊन बसतात. नव्वदच्या वर टक्के मिळवलेल्या मुलीने इतिहास शिकायचे म्हटले, की घरात कोणीतरी तिची मेहनत वाया गेल्यासारखे बोलते. जणू चांगले गुण हे विज्ञान शाखेकडून घेतलेले कर्ज आहे आणि आता ते फेडायचे आहे. त्यात आत्या, मामा, शेजारचे काका यांचा ‘कोणती लाइन घेतलीस?’ हा प्रश्न आणि पाठोपाठ येणारा ‘त्याला स्कोप आहे का?’ हा दुसरा. मुलाला नकार कोणीच देत नाही. त्याच्या निवडीवर घरात नुसती शांतता पसरते आणि पंधरा वर्षांच्या मुलाला ती शांतता पुरते.

‘सायन्स घेतले की सगळे दरवाजे उघडे’ हे या सल्ल्यांतले सर्वांत वजनदार वाक्य, म्हणून ते नीट तपासायला हवे. ते अर्धे खरे आहे. बारावी विज्ञाननंतर बी.ए. किंवा बी.कॉम.ला जाता येते. बारावी कलेनंतर अभियांत्रिकीला किंवा एमबीबीएसला जाता येत नाही. अभियांत्रिकीसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतेच, वैद्यकीयसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. एवढ्यापुरता सल्ला योग्य आहे. पण उरलेल्या कितीतरी वाटांना शाखेची अट मुळात नाहीच. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन करता येतो आणि तीन वर्षांचा कोणत्याही पदवीनंतर. सनदी लेखापालाच्या फाउंडेशन परीक्षेला शाखा विचारत नाहीत. राज्यसेवेला आणि केंद्रीय नागरी सेवेला कोणतीही पदवी चालते. एनडीएतून भूदलात जायला कोणतीही बारावी पुरते. नौदल आणि हवाई दल मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मागतात. शिवाय उघड्या दाराला किंमत असते. विज्ञानाची दोन वर्षे मन नसताना काढलेल्या मुलाचे बारावीचे गुण घसरतात आणि ज्या दारातून त्याला खरे जायचे होते, तिथल्या गुणवत्ता यादीत तो मागे पडतो. दार उघडे राहते, पण आत जागा उरत नाही. हा हिशेब अर्ज भरण्याच्या आठवड्यात फारसा कोणी मांडत नाही.

पालक असा सल्ला का देतात, हे समजून घेतल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थ नाही. पालकांचा सल्ला साधारण त्यांच्या स्वतःच्या पंचविशीतल्या नोकरीच्या बाजारावर बेतलेला असतो. त्या बाजारात ज्यांचे भले झाले, त्यांचे शिक्षण पालकांच्या डोळ्यांत ठसलेले असते. मूल पंचविशीला पोचेपर्यंत तो बाजार बदललेला असतो. महाराष्ट्राच्या गेल्या दोन-तीन पिढ्यांत हे पुन्हा पुन्हा घडले आहे.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण ज्या समाजाने रचली, त्याच समाजाने विसाव्या शतकात तिचा क्रम उलटा केला. शेतीचे तुकडे पडत गेले, पावसाचा भरवसा उरला नाही आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला येणारा पगार हीच खरी जमीन वाटू लागली. मॅट्रिक होऊन कारकुनी किंवा मास्तरकी मिळाली की घर तरले, असा तो काळ. 1975 मध्ये नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा झाली, जुनी अकरावी मॅट्रिक मागे पडली आणि शाखेचा निर्णय दहावीच्या उंबरठ्यावर येऊन बसला. अभियांत्रिकीच्या जागा तेव्हा मोजक्या होत्या. पुण्याचे 1854 पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय, मुंबईचे 1887 चे व्हीजेटीआय अशा थोड्या जुन्या संस्थांभोवती सगळी स्पर्धा होती. तिथे शिकलेला मुलगा म्हणजे गावाचा अभिमान होता.

1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटले. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालये उभी राहिली. शेतकऱ्याच्या मुलाला घराजवळ अभियंता होता येऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हती. त्याबरोबर देणगी हा शब्दही घराघरांत शिरला. तिला आळा घालण्यासाठी 1987 मध्ये राज्याला कायदा करावा लागला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संगणक क्षेत्राने ज्या मुलांना पुण्या-मुंबईतून थेट परदेशात नेले, ती बहुतेक अभियांत्रिकीतून गेलेली होती. आज पंचेचाळीस-पन्नाशीत असलेल्या पालकांनी हे जवळून पाहिले आहे. ‘इंजिनीअर हो’ या त्यांच्या आग्रहामागे असा एखादा चुलत भाऊ, वर्गमित्र, शेजारी उभा असतो. पुढे जागा इतक्या वाढल्या की गेल्या दशकात अनेक महाविद्यालयांत त्या रिकाम्या राहिल्या आणि काही महाविद्यालये बंद पडली. यंत्र आणि स्थापत्य शाखांकडे पाठ फिरवून सगळा लोंढा संगणकाकडे वळला. त्या लोंढ्यातली मुले पदवी घेऊन बाहेर पडतील तेव्हाचा बाजार आज कोणालाही दिसत नाही.

डी.एड.ची गोष्ट याहून बोलकी आणि जास्त वेदनेची आहे. शिक्षकाची नोकरी म्हणजे सरकारी पगार, गावाजवळ राहणे आणि मुलीसाठी तर सर्वांत सुरक्षित मार्ग, या समजुतीवर दोन हजारनंतरच्या वर्षांत राज्यभर अध्यापक विद्यालये निघाली. बारावीला उत्तम गुण मिळवलेल्या ग्रामीण मुलामुलींना घरच्यांनी तिथे घातले. 2012 नंतर शिक्षकभरती अनेक वर्षे जवळजवळ थांबली. हातात पदविका असलेली हजारो मुले वयाची मर्यादा ओलांडेपर्यंत वाट पाहत राहिली. त्यांच्या आईवडिलांनी वाईट चिंतले नव्हते. त्यांनी सल्ला दिला तेव्हा तो बरोबरच होता, पण तो मागच्या पिढीच्या बाजाराचा होता.

दाबाचे प्रकार घरानुसार बदलतात. पहिल्या पिढीतले शिकणारे मूल असेल, तर दाबात पैशाची भीती असते: एक वर्ष वाया गेले तर दुसरे काढण्याची ऐपत नाही. ही भीती खरी आहे आणि ‘आवडेल ते कर’ असे तिथे सहज म्हणणे अन्यायाचे ठरते. नोकरदार मध्यमवर्गात दाब प्रतिष्ठेचा आणि तुलनेचा. तालुक्याच्या गावात स्वतःचे रुग्णालय बांधलेल्या डॉक्टरांच्या घरी तो वारशाचा असतो: इमारत आहे, यंत्रे आहेत, पेशंट आहेत, पुढे चालवायला कोणीतरी हवे. अशा घरातली मुले नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी एक-दोन वर्षे ड्रॉप घेतात. गुण कमी पडले तर देशातल्या खासगी महाविद्यालयांचा किंवा परदेशाचा विचार होतो. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा तिथे अडकलेल्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांत मोठा भरणा वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांचा होता आणि त्यांत महाराष्ट्रातली मुलेही होती. डॉक्टर होण्याची, किंवा मुलाला डॉक्टर करण्याची, ओढ किती लांबवर नेते याचा तो दाखला आहे.

मुलींच्या बाबतीत दाबाला आणखी एक बाजू असते. तिच्या विषयापेक्षा महाविद्यालयाचे घरापासूनचे अंतर आधी मोजले जाते. वसतिगृह नको, उशिराची एसटी नको, आणि शिक्षण लग्नाच्या वयाआधी संपणारे हवे. भावासाठी शुल्क भरायचे आणि तिच्यासाठी अनुदानित बी.एस्सी. पाहायची, ही वाटणी अनेक घरांत न बोलता होत असे. 2024 मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. त्यामुळे पैशाचे कारण पुष्कळसे निघाले. अंतराचे आणि लग्नाचे उरले.

मानसशास्त्रात या प्रश्नाचा एक भाग बराच अभ्यासला गेला आहे. एरिक एरिक्सन यांनी किशोरवयाचे मुख्य काम ‘मी कोण’ हे ठरवणे आहे, असे मांडले. त्यावर काम करताना जेम्स मार्शिया यांनी 1966 मध्ये दोन प्रश्न वेगळे केले: मुलाने पर्याय चाचपून पाहिले का, आणि त्याने काही पक्के ठरवले का. चाचपून ठरवणारे, अजून चाचपत असलेले, चाचपतही नाहीत आणि ठरवतही नाहीत असे, हे तीन गट त्यांतून निघाले. चौथा गट इथे महत्त्वाचा. ही मुले काहीच न चाचपता पक्के ठरवून मोकळी होतात, कारण ठरलेले त्यांना घरातून तयार मिळालेले असते. अशी मुले वरवर सर्वांत शांत दिसतात. पाहुण्यांसमोर ‘मी डॉक्टर होणार’ असे ती ठामपणे सांगतात, वाद घालत नाहीत आणि पालकांना त्यांची काळजी वाटत नाही. चाचपण्याचे काम मात्र टळलेले नसते, पुढे ढकललेले असते. ते अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी, एटीकेटीचे विषय साठल्यावर, किंवा नोकरीला लागून चार वर्षे झाल्यावर समोर येते. तेव्हा वाट बदलण्याचा खर्च कितीतरी वाढलेला असतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीतून दुसरा मुद्दा मिळतो. एखादे काम माणूस स्वतःच्या इच्छेने करतो की अपराधीपणा, भीती, शाबासकी यांच्या ओढीने, यावर ते टिकणे अवलंबून असते. पालकांनी सुचवलेला विषयही मुलाला आपला वाटू शकतो; त्यासाठी कारणे सांगितली जायला हवीत, त्याचे म्हणणे ऐकले जायला हवे आणि नकाराला जागा असायला हवी. सुतारकाम, किराणा, वकिली अशा घरच्या धंद्यात रमलेली मुले पुष्कळ आहेत. सल्ला घरातून आला म्हणून तो वाईट ठरत नाही.

दाबाचे सर्वांत घट्ट रूप आज क्लासेसच्या व्यवस्थेत दिसते. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने बारावीच्या शिकवणीची जी शिस्त बसवली, ती लातूर पॅटर्न म्हणून राज्यभर गाजली. दुष्काळी भागातल्या मुलांना तिने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोचवले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. नंतर नांदेड, पुणे, नागपूर इथे क्लासेसच्या वसाहतीच उभ्या राहिल्या आणि इंटिग्रेटेड नावाचा प्रकार आला: नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, हजेरी मात्र क्लासमध्ये. 2016 पासून वैद्यकीय प्रवेशासाठी नीट देशभर सक्तीची झाली तेव्हा ही गर्दी वाढली. पालक आठवीपासून फाउंडेशन बॅच घेतात. तेरा वर्षांच्या मुलाची दिशा तेव्हाच ठरते आणि एकदा लाखांत पैसे भरले की ‘आता मागे फिरू नकोस’ हे वाक्य आपोआप तयार होते. भरलेले शुल्क परत येणार नसते. मूल मात्र त्या शुल्काखातर आणखी दोन वर्षे घालवते.

याची सर्वांत गंभीर बाजू टाळता येणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2021 च्या अहवालात देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. अशा प्रत्येक मृत्यूमागे अनेक कारणे असतात आणि शाखा निवडीवर सारे ढकलणे चूक ठरेल. तरी ज्या घरात मूल बोलेनासे झाले आहे, झोप आणि जेवण बिघडले आहे, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी वाक्ये येत आहेत, तिथे शाखेचा विषय बाजूला ठेवून आधी मदत घ्यायची असते. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.

मराठी घरांत या विषयावर दोन उदाहरणे नेहमी पुढे केली जातात. पहिले गोपाळ गणेश आगरकरांचे. टेंभूच्या गरीब घरातला हा मुलगा डेक्कन कॉलेजात एम.ए.पर्यंत पोचला तेव्हा आईला मोठ्या पगाराची आशा असणे स्वाभाविक होते. आगरकरांनी तिला पत्र लिहून कळवले की मोठ्या संपत्तीच्या मागे न लागता पोटापुरत्या मिळकतीत समाधान मानून ते लोकांसाठी काम करणार आहेत. हे पत्र त्यागासाठी सांगितले जाते. त्यातली दुसरी गोष्ट तितकीच मोलाची आहे: त्यांनी निर्णय आईपासून लपवला नाही आणि किती पैशांत भागवणार हेही सांगितले. घरच्यांना न पटणारी वाट धरणाऱ्याने घरच्यांशी कसे बोलावे, याचा तो नमुना आहे.

दुसरे उदाहरण डॉक्टर रंगकर्मींचे. श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे हे तिघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे. ‘आधी डॉक्टर हो, मग नाटक कर’ असे म्हणणाऱ्या पालकांना ही नावे हाताशी सापडतात. पण लागूंनी कान-नाक-घशाचा व्यवसाय सोडून पूर्ण वेळ रंगभूमी धरली ती 1969 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करत राहिले, आगाशे मनोविकारशास्त्र शिकवत राहिले. दोन्ही कामांत त्यांचे मन होते. शिवाय ते शिकले तेव्हा सरकारी वैद्यकीय शिक्षण साधारण घराच्या आवाक्यात होते आणि प्रवेशासाठी तीन-तीन वर्षे क्लास लावावे लागत नव्हते. आज नाटकाची ओढ असलेल्या मुलाला हीच वाट सुचवताना खर्चाचा हा फरक सांगितला पाहिजे.

मुलाचा कल कसा ओळखायचा, यासाठी चाचण्या आहेत. राज्य मंडळाने 2016 मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली होती. कल चाचणी आणि अभिक्षमता चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. पहिली मुलाला काय आवडते ते पाहते, दुसरी आकडेमोड, भाषा, आकृतींचा विचार, यंत्रांची समज यांत त्याची कुवत किती ते मोजते. जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आवडीचे जे सहा गट पाडले, त्यांच्यावर जगभरच्या बऱ्याच कल चाचण्या आधारलेल्या आहेत. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था दोन्ही प्रकारच्या चाचण्या घेऊन नंतर पालकांसह समुपदेशन करतात आणि खरा उपयोग त्या बोलण्याचा असतो. चाचणीला मर्यादा आहे: मुलाने जे पाहिले आहे त्यातलेच त्याला आवडू शकते. गडचिरोलीतल्या मुलाने विमागणिती किंवा वस्तुसंग्रहालयाचा अभिरक्षक पाहिलेला नसतो. म्हणून नववीच्या सुट्टीत चार वेगवेगळ्या व्यवसायांतल्या माणसांबरोबर एकेक दिवस काढणे कोणत्याही अहवालाइतके उपयोगी पडते.

घरात बोलणी करताना ‘आवड की स्कोप’ असा वाद घातला तर तो सुटत नाही, कारण दोन्ही शब्द धूसर आहेत. त्याऐवजी कागदावर मांडता येतील असे प्रश्न घ्यावे लागतात. हा अभ्यासक्रम किती वर्षांचा? एमबीबीएसला साडेचार वर्षे आणि वर तिथली एक वर्षाची आंतरवासिता, त्यापुढे बहुधा पदव्युत्तर शिक्षण, म्हणजे स्वतःची कमाई सुरू होईपर्यंत वय किती होईल? एकूण खर्च किती, शिष्यवृत्ती कोणती, कर्ज काढले तर हप्ता कोण भरेल? शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात, तेव्हा हा प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. प्रवेश परीक्षेत हवे तसे गुण मिळाले नाहीत तर दुसरी वाट कोणती आणि ती किती तारखेला पकडायची? मुलाने निवडलेल्या विषयालाही हेच प्रश्न लावायचे. मुलाला त्यांची उत्तरे शोधता येत नसतील, तर त्याची आवड अजून ऐकीव आहे. पालकांना आपल्या पसंतीच्या शाखेबद्दल ती देता येत नसतील, तर त्यांचा आग्रहही ऐकीव आहे. अनेक घरांत बोलणे पहिल्यांदा समान पातळीवर येते ते या कागदामुळे. तिढा फारच बसला असेल तर शाळेतल्या ज्या शिक्षकांचा शब्द घरात मानला जातो, त्यांना बसवून बोलणे उपयोगी पडते. चिडलेल्या आईवडिलांना जे मुलाकडून ऐकवत नाही, ते सरांकडून ऐकवते.

दहावीनंतर दुसऱ्याही वाटा आहेत, त्या केवळ कमीपणाच्या भीतीने यादीत येत नाहीत. तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते आणि ज्याला हाताने काम करायला आवडते, त्याला अकरावी-बारावीपेक्षा ती वाट पुष्कळदा जास्त मानवते. आयटीआय तर त्याहून लवकर कमावते करते. चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या मुलांना मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयापर्यंतचा रस्ता आहे, डिझाइनसाठी आयआयटी मुंबई यूसीईईडी ही परीक्षा घेते.

चुकीच्या शाखेत आधीच शिरलेल्यांचा प्रश्न वेगळा. पहिल्या सहामाहीत मन न लागणे म्हणजे निवड चुकली असे नाही. नवे गाव, इंग्रजी माध्यम आणि वसतिगृह यांचा शीण तसाच दिसतो. दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत तीच स्थिती राहिली तर हिशेब मांडायचा: उरलेली वर्षे, उरलेला खर्च आणि पदवी पुरी केल्यावर उघडणारी दारे. पदवी संपायला एकच वर्ष उरले असेल, तर ती घेऊन पुढच्या टप्प्यावर विषय बदलणे बहुधा स्वस्त पडते, कारण कायदा, पत्रकारिता, व्यवस्थापन आणि स्पर्धा परीक्षा यांना कोणतीही पदवी चालते. तीन वर्षे उरली असतील तर आत्ताच बदलणे शहाणपणाचे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार राज्यातल्या विद्यापीठांच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अभ्यासक्रमांत मुख्य विषयाबरोबर (मेजर) गौण विषय घेता येतो. एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे आणि मिळवलेले श्रेयांक राष्ट्रीय श्रेयांक पेढीत जमा राहतात. नवा अभ्यासक्रम त्यांतले किती मान्य करेल, हे प्रत्येक विद्यापीठ वेगळे ठरवते. म्हणून जुन्या महाविद्यालयातून दाखला काढण्याआधी नव्या ठिकाणच्या विभागाकडून हे लेखी घेणे आवश्यक असते.